अनुभव हातात आहे, तो कागदावरही आणा

कर्करोगाच्या वॉर्डात केमोथेरपीचे औषध शिरेबाहेर पाझरले, की पहिली काही मिनिटे परिचारिकेच्या हातात असतात. डॉक्टर येईपर्यंत थांबून चालत नाही. औषध ताबडतोब बंद करायचे, पण कॅन्युला लगेच काढायची नाही. तिच्यातूनच सिरिंजने जेवढे औषध परत ओढता येईल तेवढे ओढायचे आणि मग ती काढायची. सलाइनने फ्लश करायचे नाही, सुजलेल्या जागेवर दाबायचे नाही. आणि शेक? औषध डॉक्सोरुबिसिन असेल तर थंड, विनक्रिस्टिन असेल तर गरम. उलट शेक दिला तर इजा वाढू शकते.

हे ज्ञान नुसती नोकरीची वर्षे वाढल्याने येत नाही. जनरल वॉर्डात हाताला सूज आली की मॅगसल्फ-ग्लिसरीनची पट्टी बांधायची, हे आपण सगळ्याच सीनियर सिस्टरांकडून शिकलो. साध्या सलाइनसाठी ते चालून जाते. पण तीच सवय केमोच्या रुग्णावर वापरली तर त्याची त्वचा आणि कधीकधी हाताची हालचालही जाऊ शकते. जे रोज घडते ते अनुभव उत्तम शिकवतो. जे वर्षातून एकदाच घडते आणि घडले की वेळ देत नाही, ते मात्र मुद्दाम बसून शिकावे लागते. परिचारिकांनी आपापल्या शाखेतले प्रमाणपत्र मिळवावे असे मी इतक्या आग्रहाने सांगते, त्याचे पहिले कारण हे आहे. पगार, बढती, परदेश या गोष्टी नंतर येतात.

हा लेख आहे जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून काही वर्षे ड्युटी केलेल्या भगिनींसाठी आणि ब्रदरांसाठी. तुम्ही तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये असाल, जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका असाल किंवा पुण्या-मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयात आयसीयू सांभाळत असाल. हात तयार झाले आहेत, आता पुढे काय, हा प्रश्न तुमच्या मनात येऊन गेला असणार.

शिक्षणाने खरेच फरक पडतो का, असे विचारणारे पुष्कळ असतात, आणि ते विचारणे योग्यच आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांचा लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तर शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता साधारण ५ टक्क्यांनी कमी दिसली. एकन यांचा सहभाग असलेल्या २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात स्पेशालिटीच्या प्रमाणपत्राचाही असाच संबंध आढळला, पण तो फक्त पदवीधर परिचारिकांच्या बाबतीत. पदवीचा पाया नसताना नुसत्या प्रमाणपत्राने तो फरक दिसला नाही. असे अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच सांगतात. एकीमुळे दुसरी झाली हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि अमेरिकेतली रुग्णालये म्हणजे आपली रुग्णालये नव्हेत. तरीही यातून एक दिशा मिळते: पाया पक्का करा आणि त्यावर विशेष ज्ञान रचा. जीएनएम भगिनींनी हे वाचून नाराज होऊ नये. आपली रुग्णालये तुमच्याच बळावर चालतात. तुमच्यासाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम आहे, आणि पाया वाढवण्याचा तो सरळ मार्ग आहे.

सुरुवात मात्र कुठल्याही कोर्सने करू नका. आधी आपली नोंदणी तपासा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कायमची नसते, तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे सतत शिक्षणाचे, तास दाखवावे लागतात. मुदत संपली आहे, लग्नानंतरचे नाव एका कागदावर आहे आणि माहेरचे दुसऱ्यावर, जन्मतारखेत एका अंकाचा फरक आहे, अशा कारणांवरून चांगल्या परिचारिकांचे अर्ज अडकतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी क्रमांक काढला नसेल तर तोही काढून घ्या. दुसऱ्या राज्यात शिकून इथे नोकरी करत असाल तर नोंदणी या राज्यात आणली आहे का, ते पाहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण आधी होऊन गेले की पुढची धावपळ वाचते.

त्यानंतर छोटी प्रशिक्षणे. बीएलएस आणि एसीएलएस बहुतेकांना ठाऊक आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या या प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षांची असते. प्रसूती कक्षात किंवा एसएनसीयूमध्ये काम असेल तर नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचे एनआरपी प्रशिक्षण आधी घ्या. सरकारी सेवेत असाल तर नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे आणि कुशल प्रसूती साहाय्यकाचे, म्हणजे एसबीएचे, प्रशिक्षण तुम्हाला सेवेत असतानाच मिळते. यादीत नाव येण्याची वाट पाहत बसू नका, परिसेविकांकडे स्वतःहून नाव द्या. मात्र ही प्रशिक्षणे म्हणजे विशेषज्ञता नव्हे, हे लक्षात ठेवा. ती प्रत्येकीकडे असायलाच हवीत.

खरी झेप आहे ती पोस्ट बेसिक डिप्लोमाची. इंडियन नर्सिंग कौन्सिलने ठरवून दिलेले हे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत: क्रिटिकल केअर, आपत्कालीन सेवा, कर्करोग, नवजात बालक, हृदय व छाती, मूत्रपिंड, मेंदू व मज्जासंस्था, मानसोपचार, ऑपरेशन थिएटर, भाजलेल्या रुग्णांची शुश्रूषा, वृद्धांची शुश्रूषा, अस्थिरोग आणि असे आणखीही. प्रवेशासाठी नोंदणीकृत असणे आणि सहसा किमान एका वर्षाचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. जीएनएम आणि बी.एस्सी. दोघींनाही दार उघडे आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोग शुश्रूषेचा डिप्लोमा चालतो. तिथेच स्टोमा असलेल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या परिचारिकांचे वेगळे प्रशिक्षणही होते. पोटावर पिशवी घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला ती कशी बदलायची, त्वचा कशी जपायची, प्रवासात काय करायचे, कामावर परत कसे जायचे हे सगळे शिकवणारी परिचारिका किती जिल्ह्यांत आहे? ज्या गावात अशी एक जण पोहोचते, तिथल्या रुग्णाला एवढ्याशा प्रश्नासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

शाखा निवडताना बहुतेक जणी एकच चूक करतात. मैत्रिणीने क्रिटिकल केअर घेतले, म्हणून आपणही घ्यायचे. त्याऐवजी स्वतःला विचारा, ड्युटी संपल्यावरही कोणता रुग्ण माझ्या डोक्यात राहतो? कुठल्या वॉर्डात बदली झाली तर मला आनंद होईल? कुणाला डायलिसिस युनिटमध्ये तोच रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा भेटतो, त्याचे घरदार ओळखीचे होते, हे आवडते. कुणाला आपत्कालीन विभागाचा वेग मानवतो. मानसोपचार वॉर्डाला अजूनही अनेक जणी शिक्षा समजतात. मला मात्र वाटते की महाराष्ट्राला पुढच्या काळात मानसोपचार आणि वृद्धशुश्रूषा या दोन शाखांतल्या परिचारिकांची फार गरज पडणार आहे. घराघरांत म्हातारी माणसे एकटी आहेत, मुले पुण्यात किंवा परदेशात आहेत. त्यांच्या औषधांचा गोंधळ, पडणे, विसरभोळेपणा, अंथरुणातल्या जखमा यांकडे शिकलेल्या नजरेने पाहणारे हात कमी आहेत. तुमचा ओढा तिकडे असेल, तर लोक काय म्हणतील याचा विचार करू नका.

डिप्लोमाहून वरच्या पातळीवर जायचे असेल तर बी.एस्सी. झालेल्यांसाठी एम.एस्सी. आहेच. पण ज्यांना वर्गात शिकवण्यापेक्षा रुग्णाजवळ राहायचे आहे, त्यांनी क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरच्या दोन वर्षांच्या निवासी अभ्यासक्रमाची माहिती जरूर घ्यावी. प्रसूतिशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढली. निरोगी बाईचे साधे बाळंतपण प्रशिक्षित मिडवाइफने स्वतःच्या जबाबदारीवर करावे, असा त्यामागचा विचार आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा केला. तो १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी आहे. म्हणजे या व्यवसायाची चौकट बदलते आहे, आणि अशा काळात आपली पात्रता नोंदवून ठेवलेली बरी.

काही प्रमाणपत्रे परीक्षेवर मिळतात, त्यांच्यासाठी वर्षभर वर्गात बसावे लागत नाही. संसर्ग नियंत्रणाचे काम करणाऱ्या परिचारिकांसाठी सीआयसी ही आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे. तिच्या प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते. या कामात नव्या असणाऱ्यांसाठी ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचीच प्राथमिक पातळीची परीक्षाही आहे. एनएबीएच मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना संसर्ग नियंत्रण परिचारिका लागतेच, त्यामुळे या कामाला मागणी आहे. गुणवत्ता विभागात जाण्याची इच्छा असेल तर सीपीएचक्यू, स्तनपान सल्लागार व्हायचे असेल तर आयबीसीएलसी. दुखणे कमी करण्याच्या, अखेरच्या काळातल्या शुश्रूषेत रस असेल तर इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा प्राथमिक अभ्यासक्रम परिचारिकांसाठी खुला आहे, आणि नोकरी न सोडता तो करता येतो. अमेरिकेतल्या अनेक स्पेशालिटी परीक्षांना मात्र तिथली परिचारिका नोंदणी लागते. म्हणून फी भरण्याआधी पात्रतेची अट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आखाती देशांच्या परवाना परीक्षा, ब्रिटनची सीबीटी आणि ऑस्की, अमेरिकेची एनक्लेक्स हे सगळे परवाने आहेत. त्या देशात काम सुरू करण्यासाठी ते लागतात, पण त्यांनी तुम्ही कुठल्या शाखेतल्या तज्ज्ञ होत नाही. एजंट बऱ्याचदा हा फरक सांगत नाहीत.

आता एक इशारा, आणि तो कडक शब्दांतच द्यायला हवा. सहा महिन्यांत नर्सिंग, घरबसल्या आयसीयू डिप्लोमा, शंभर टक्के नोकरीची हमी, अशा पाट्या एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि मोबाइलवर दोन्हीकडे दिसतात. गरीब घरातल्या मुलींचे पैसे यात बुडतात आणि हातात येतो तो कुठेही न चालणारा कागद. पैसे देण्याआधी संस्थेला विचारा, या कोर्सला मान्यता कोणाची, ते लेखी दाखवा. मग इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आणि राज्य कौन्सिलच्या यादीत त्या संस्थेचे नाव स्वतः शोधा, आणि त्याच वर्षाची मान्यता आहे ना, ते पाहा. तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष रुग्णांवर किती तास काम करायला मिळेल आणि कोणत्या रुग्णालयात? आणि शेवटी, हा कोर्स झाल्यावर माझ्या नोंदणीत अतिरिक्त पात्रता म्हणून त्याची नोंद होईल का? ज्या डिप्लोमाची नोंद कौन्सिल करत नाही, त्यावर वर्ष घालवू नका. सीएनईचे एक-दोन दिवसांचे कार्यक्रम वेगळे, त्यांचा उपयोग तासांसाठी होतो. दुसरा इशारा म्हणजे, कोणत्याही रुग्णालयाकडे किंवा संस्थेकडे मूळ प्रमाणपत्रे ठेवून येऊ नका. साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद दाखवून परत घ्या. कागद अडकवून माणूस बांधून ठेवण्याचे प्रकार आजही घडतात.

अभ्यास कसा करायचा, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. नाइट करून आल्यावर पुस्तक उघडायचे, असा निश्चय करू नका. तो टिकत नाही. नाइटनंतर झोपा. अभ्यास ऑफच्या दिवशी आणि सकाळच्या ड्युटीच्या संध्याकाळी करा, आणि तो वॉर्डाशी जोडा. या आठवड्यात वॉर्डात कावीळ झालेला रुग्ण आहे ना, मग या आठवड्यात यकृत वाचा. रोज एक औषध घ्या. त्याचा डोस, ते कशात मिसळायचे, किती वेगाने द्यायचे, देण्याआधी काय तपासायचे. डिगॉक्सिनआधी नाडी, पोटॅशियम कधीही थेट शिरेत झटक्याने नाही, इन्शुलिन देण्याआधी जेवण येते आहे ना. हे तुम्हाला माहीत असते, पण का, ते लिहिता आले पाहिजे.

खिशात एक छोटी डायरी ठेवा. आज काय केले त्याची नोंद करा: सेंट्रल लाइनची काळजी, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे सक्शन, ट्रेकिऑस्टॉमीची ड्रेसिंग. रुग्णाचे नाव, बेड किंवा आयपीडी नंबर लिहू नका, फक्त काय केले आणि त्यातून काय शिकले ते लिहा. महिन्याच्या शेवटी इन्चार्ज सिस्टरची सही घ्या. प्रवेशाच्या वेळी अनुभवाचे पत्र मागतात तेव्हा नुसते ‘काम समाधानकारक’ एवढे लिहिलेले पत्र फारसे उपयोगी पडत नाही. आपण काय काय करतो हे सांगायला ही वही लागते. आणि मुलाखतीत हीच वही तुमच्या तोंडात शब्द देते.

परीक्षेतले प्रश्न बऱ्याचदा क्रम विचारतात. रक्त चढत असताना रुग्णाला थंडी वाजून हुडहुडी भरली, परिचारिकेने सर्वांत आधी काय करावे? पर्यायांत डॉक्टरांना कळवणे असते, ताप बघणे असते, औषध देणे असते. उत्तर आहे, रक्त थांबवा. मग नवीन सेट लावून सलाइनने शीर चालू ठेवा, रुग्णाचे व्हायटल्स घ्या, डॉक्टरांना कळवा, पिशवी आणि सेट ब्लड बँकेसाठी राखून ठेवा. वॉर्डात आपण हे सगळे एकत्रच करतो, म्हणून कागदावर क्रम लावताना गोंधळ होतो. असे प्रश्न चार-पाच जणींनी मिळून सोडवले तर फार पटकन जमते. एकीने प्रश्न वाचायचा, बाकीच्यांनी उत्तर देताना कारणही सांगायचे.

इंग्रजीची भीती मला दर बॅचमध्ये दिसते. मराठी माध्यमातून आलेली मुलगी वॉर्डात अव्वल असते आणि पेपर पाहिला की गप्प होते. तिला माझे सांगणे असते की तुझा शब्दसंग्रह वॉर्डातच आहे. केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधाच्या बॉक्समधला कागद, हे रोज दहा ओळी वाच. हँडओव्हर एका परिच्छेदात इंग्रजीत लिहून पाहा. व्याकरण सुधारत जाईल, पण आशय आजपासूनच बरोबर लिही. इतर पुस्तकांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो, हे मी अनेक जणींच्या बाबतीत पाहिले आहे.

शिकलेल्या परिचारिकेचा आवाज बदलतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करून ‘सर, पेशंट ठीक वाटत नाहीये, जरा येता का’ असे म्हणणारी परिचारिका खरे तर काहीतरी ओळखून बसलेली असते. फक्त ते तिला नीट सांगता येत नाही, आणि समोरून ‘सकाळी बघू’ असे उत्तर येते. तीच परिचारिका प्रशिक्षणानंतर फोनवर म्हणते, ‘सर, बेड सहा, ऑपरेशनचा दुसरा दिवस. श्वास मिनिटाला २८, बीपी ९०/६०, दोन तासांत लघवी फक्त २० मिली, हातपाय गार. मला सेप्सिसची शंका येते. आपण येऊन पाहावे, तोवर कल्चर पाठवून फ्लुइड सुरू करू का?’ हा फोन कुणी टाळू शकत नाही. परिस्थिती, मागची माहिती, आपला अंदाज आणि आपली सूचना, अशा चार पायऱ्यांत बोलण्याची ही पद्धत एसबीएआर नावाने शिकवली जाते. तिची तिसरी आणि चौथी पायरी आत्मविश्वासाने चढण्यासाठी शाखेचे ज्ञान लागते.

घरच्यांचा प्रश्न येतोच. एक वर्ष वसतिगृहात राहायचे, पगार अर्धा किंवा नाही, मुले लहान, सासूबाईंचे गुडघे दुखतात. यावर तयार उत्तर कुणाकडेच नाही. तरी एवढे आठवावे, की १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, त्यानंतर रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. त्यांत विधवाही होत्या. परक्या पुरुषांची शुश्रूषा करायची म्हणजे काय, असे त्या काळात विचारले जात होते. त्या बायकांच्या मागे घरातले कुणी ठाम उभे राहिले, किंवा कुणी उभे नसताना त्या गेल्या, म्हणून आज हा व्यवसाय आपल्याला इतका मोकळा आहे. घरात बोलताना नुसते ‘मला शिकायचे आहे’ असे सांगू नका. वर्षाचा हिशेब कागदावर मांडा. फी किती, स्टायपेंड आहे का, मुलांना कोण सांभाळणार, कोणत्या महिन्यात परीक्षा. आकडे समोर ठेवले की चर्चा रागावर जात नाही. एकदम वर्ष काढणे अशक्य असेल तर आधी नोकरीतच होणारी परीक्षा द्या, मग डिप्लोमा.

सरकारी सेवेत असाल तर ना हरकत पत्राशिवाय पाऊल टाकू नका. अर्ज अधिसेविकांमार्फत आस्थापना विभागाकडे वेळेत जाऊ द्या, पोच घ्या, आणि अभ्यास रजेचे नियम, बाँडच्या अटी लेखी समजून घ्या. कोर्स पूर्ण झाला की सेवापुस्तकात नोंद करून घ्या. ही नोंद राहून गेल्याने बढतीच्या वेळी पात्रता असूनही कागदावर दिसत नाही, असे होते.

पगाराबद्दल गोड बोलणार नाही. बऱ्याच खासगी रुग्णालयांत डिप्लोमा झाल्यावर लगेच पगार वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांचा पगार २०० पेक्षा जास्त खाटांच्या ठिकाणी सरकारी परिचारिकांइतका असावा आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी तो २०,००० रुपयांखाली नसावा, अशी शिफारस केली होती. तुमच्या हातातला पगार त्या शिफारशीपासून किती दूर आहे, हे तुम्हीच सांगू शकता. हा अन्याय आहे आणि तो प्रमाणपत्रांनी मिटणार नाही, त्यासाठी संघटना आणि कायदा लागतो. पण नोकरी बदलताना, मानांकनाच्या तपासणीत, इन्चार्ज निवडताना आणि परदेशात अर्ज करताना शिकलेली शाखा मोजली जाते. आणि मागण्या मांडायला बसलेल्या परिचारिकांच्या शिष्टमंडळात पाच जणी आपापल्या विषयातल्या डिप्लोमाधारक असतील, तर समोरच्याला उडवाउडवीची उत्तरे देणे जड जाते.

अधिसेविका आणि रुग्णालय चालवणाऱ्यांनाही एक विनंती. परीक्षेच्या आठवड्यात नाइट लावू नका. फी एकरकमी देता येत नसेल तर निम्मी द्या. जी शिकून परत आली तिला त्याच विभागात ठेवा. डायलिसिस शिकून आलेल्या परिचारिकेची महिन्याभरात बालरोग वॉर्डात बदली होते, तेव्हा रुग्णाचे नुकसान होते आणि पुढच्या तिघी शिकायला जात नाहीत. बदलीचा आदेश काढताना तिच्या प्रमाणपत्राकडे एकदा पाहावे, इतके तरी आपल्याला करता येते.

आणि तुम्हाला, हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला सांगणे एवढेच: या आठवड्यात कपाटातली फाइल काढा. नोंदणीची मुदत पाहा, नावे आणि तारखा जुळतात का ते पाहा. एक शाखा ठरवा. ती चालवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत फोन करून पुढच्या प्रवेशाची तारीख विचारा आणि ती ड्युटीच्या रोस्टरशेजारी लिहून ठेवा. अर्ज या वर्षीच करा.